आखाजीच्या दुपारची सायकल

भंगारवाल्यानं सायकल काट्यावर टाकली, तेव्हा तिचं पुढचं चाक अर्धा फेरा आपोआप फिरलं आणि थांबलं.

मी सायकल घ्यायला गेलोच नव्हतो. चाळीसगावला मावसभावाच्या मुलीचं लग्न होतं. अक्षतांना वेळ होता, मंडपात जीव गुदमरत होता, म्हणून स्टेशनकडे पाय मोकळे करायला निघालो. रस्त्याच्या कडेला जुने पत्रे, पंपाचे पाइप, मोडक्या पेट्या, आणि त्यांत ही. गंजून तांबडी झालेली, सीटचं चामडं उन्हानं वर वळलेलं. पण पुढच्या चाकाच्या आसाला दोन्ही बाजूंना वीतभर लोखंडी खुंट्या होत्या. तशा खुंट्या मी आयुष्यात एकाच सायकलला पाहिल्या. त्यांवर पाय ठेवून, हँडल सोडून, दोन्ही हात पसरून सुपडूभाऊ चालत्या सायकलवर उभा राहायचा.

"कुठली ही?" मी विचारलं.

"खेड्यातली. एका बाईनं दिली. माणूस वारला तिचा. आता कोण चालवणार?" भंगारवाल्यानं काट्यावरचं वजन सरकवलं. "घेता का बोला, नाहीतर उद्या हातोडा पडेल."

घेतली. अक्षता हुकल्या. संध्याकाळच्या धुळ्याच्या गाडीत, गार्डाच्या डब्यात सायकल चढवली आणि धुळ्यात, देवपूरच्या घरी आणली. दारात तिला पाहून बायको म्हणाली, "लग्नाला गेला होतात की लिलावाला?"

मी काही बोललो नाही. न बोलण्याची मला फार जुनी सवय आहे.

पुढचे दोन महिने सुट्टीच्या दिवशी मी ओसरीत गोणपाट टाकून बसू लागलो. आधी सगळे भाग सुटे केले. चाकं, पायडल, साखळी, फ्रीव्हील. नटबोल्ट गंजानं जाम झाले होते. त्यांवर रॉकेल सोडायचं, चिंधी गुंडाळायची आणि दुसऱ्या दिवसाची वाट पाहायची. ओसरीभर रॉकेलचा वास. त्या वासाबरोबर दुसरा एक वास हटकून येई, तो मात्र फक्त मलाच. भिजलेल्या लाकडी भुशाचा, तापल्या मातीचा आणि कडुनिंबाच्या मोहोराचा.

पासष्ट-सहासष्टचं साल असावं. मी अकरावीची परीक्षा देऊन रिकामा होतो. वडील चाळीसगावात शिक्षक. त्यांना सगळे आप्पा गुरुजी म्हणत. सुपडूभाऊ माझ्याहून सात-आठ वर्षांनी मोठा. जवळच्या खेड्यातून गावात आलेला. स्टेशनरोडला एका चिंचेखाली हवेचा पंप, पाण्याचं घमेलं आणि पंक्चरची पेटी, एवढंच त्याचं दुकान. पाऊस आला की पेटी डोक्यावर घेऊन पळायचं. मी त्याच्याकडेच सायकल शिकलो. कॅरिअर धरून तो मागे धावायचा आणि धावता धावता हात कधी सोडायचा ते कळायचंही नाही.

त्या काळी गावात सायकलवाले खेळिये येत. सात दिवस सात रात्री सायकलवरून न उतरता मैदानात गोल गोल फिरायचं. जेवण सायकलवर, आंघोळ सायकलवर, दाढीसुद्धा सायकलवर. त्या वर्षी सुपडूभाऊनं ठरवलं, बाहेरचा कशाला, मीच करतो. सरकीचा व्यापार करणाऱ्या शेठजींनी ते मनावर घेतलं. मारवाडी माणूस, पण मनानं आमच्याहून खानदेशी. पानाच्या दुकानासमोर चार लोकांत त्यांनी शब्द दिला, "सुपडू, सात दिवस पुरे कर. स्टेशनरोडचा माझा कोपऱ्यावरचा गाळा तुझा. जिवात जीव आहे तोवर कोणी उठवणार नाही तुला. पण पाय टेकला तर चिंच आहेच."

सगळे हसले. सुपडूभाऊ हसला नाही. तो त्याच दिवशी दोरी घेऊन गाळ्याची लांबी-रुंदी मोजून आला.

मैदानात पांढऱ्या फक्कीचं मोठं रिंगण आखलं. मध्ये बांबू, बांबूवर कर्णा, कर्ण्यात दिवसभर गाणी. एका कडेला कडुनिंब. पाय टेकतो का ते पाहायला शेठजींनी नेमलेल्या समितीची माणसं पाळीपाळीनं बसत. माझं काम पाण्याचं आणि बर्फाचं. बर्फाची लादी भुशात पुरलेली असे. ती उकरायची, फोडायची, फडक्यात बांधायची आणि सायकलबरोबर धावत ते फडकं त्याच्या मानेवर ठेवायचं. मला ते काम मिळालं ते आप्पांमुळे. "मास्तरचा पोरगा आहे, लबाडी होणार नाही," असं शेठजीच म्हणाले होते.

पहिले तीन दिवस म्हणजे जत्रा होती. बायका कडेवर मुलं घेऊन यायच्या. तो तोंडानं जमिनीवरचा रुमाल उचलायचा, खुंट्यांवर उभा राहून नमस्कार करायचा. लोक त्याच्या सदऱ्याला नोटा टाचायचे. आखाजीचे दिवस होते. आखाजी म्हणजे अक्षय्य तृतीया, पण आमच्याकडे तिला दिवाळीपेक्षा मोठा मान. माहेरी आलेल्या मुली झाडाझाडाला झोके बांधत. झोक्यांच्या कडकड वाजणाऱ्या दोऱ्या, त्यांची उंच आवाजातली गाणी आणि मध्येच यार्डातल्या इंजिनाची शीळ, हे सगळं एकमेकांत मिसळून मैदानावर येई. सुपडूभाऊची बायको खेड्यातून आली होती. नवीन लग्न. पदर तोंडात धरून ती रिंगणाच्या बाहेर उभी राही. तो तिच्यासमोरून जाताना मुद्दाम घंटी वाजवायचा. एकदा एक म्हातारी ओरडली, "ए सुपडू, घंटी वाजाडीसन बायको भेटत नही, खाले उतर!" तो म्हणाला, "चार दिवस दम धर, आजी. मंग मनं दुकानच देखजो!"

साखळी रॉकेलमध्ये बुडवून ठेवली की तळाशी काळा गाळ बसतो. काठीनं ढवळलं की तो पुन्हा वर येतो. मी तो कितीदा तरी ढवळत बसलो. बायकोनं एकदा चहा आणून ठेवला आणि म्हणाली, "चालवायची आहे की पुजायची आहे?" मग माझ्या तोंडाकडे पाहून आत गेली.

पाचवा दिवस आखाजीचा. घराघरात खापरावरच्या पुरणपोळ्या आणि आंब्याचा रस. खापराची पोळी म्हणजे हाताएवढी नव्हे, कोपरापर्यंत पसरणारी. रसात बुडवून ती दोन खाल्ली की माणूस उठत नाही. त्या दिवशी दुपारी सगळं चाळीसगाव झोपलं. झोके थांबले. कर्ण्याचं गाणं लावणारा जेवायला गेला तो आलाच नाही. समितीचे दोघे, "आलोच रे, लक्ष ठेव," म्हणून गेले. पहाऱ्यावरची माणसं रसपोळीला जातील आणि झोपून जातील, हे कोणाच्या मनातसुद्धा आलं नव्हतं, आणि आमच्या गावात आखाजीला दुसरं काही होणंही शक्य नव्हतं.

मैदानात आम्ही दोघंच. ऊन असं की फक्कीच्या रेघेकडे पाहवत नव्हतं. चाकाखाली माती कुरकुर वाजायची, तेवढाच आवाज. सुपडूभाऊचे ओठ फुटले होते. डोळे उघडे होते पण दिसत काहीच नव्हतं त्यांना. पाय सुजून चपलेच्या पट्ट्यांबाहेर आले होते. दोनदा सायकल रेघेबाहेर गेली. मी हँडलला धरून आत वळवली.

"डोकावर पानी टाक रे," तो म्हणाला.

मी टाकलं. पाणी त्याच्या केसांतून गळेपर्यंत कोमट झालं होतं.

आणि मग मी म्हणालो, "सुपडूभाऊ, उतरा."

त्यानं नकारार्थी मान हलवली आणि आणखी एक फेरा मारला. मी पुन्हा म्हणालो, "उतरा. कोणी नाही. सगळे झोपलेत. पाव तास पडा झाडाखाली. मी उठवतो."

"दुकान जाई मनं."

"कोणाला कळणार नाही. मी आहे ना."

त्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या दिवसभरात पहिल्यांदा त्याची नजर कशावर तरी ठरली. "तू शे ना?" तो म्हणाला. "उठाडशी ना माले?"

"हो."

मीच सायकल धरली. मीच त्याच्या काखेत हात घालून त्याला उतरवलं. त्याचे पाय जमिनीवर टेकले तेव्हा त्यानं "आई वं" असा बारीक आवाज काढला. कडुनिंबाखाली मोहोराचा सडा पडला होता, तिथं तो कोसळलाच. सायकल मी खोडाला टेकवून ठेवली. त्याच्या अंगावर बारीक पांढरी फुलं पडत राहिली. मी शेजारी बसून माश्या वारत होतो. पाव तास म्हणालो होतो, पाच मिनिटं जास्तच झोपू दिलं. मग उठवला, पाणी पाजलं, सायकलवर बसवला. तो पुन्हा फिरू लागला. चेहऱ्यावर रंग आला होता. जाता जाता त्यानं घंटी वाजवली, माझ्यासाठी.

चाकाच्या आसातले छर्रे मी एका बशीत काढून ठेवले. काही झिजले होते, काहींना खड्डे. नवे आणले, ग्रीसमध्ये बसवले, वरचा कोन, म्हणजे शंकूसारखा नट, आवळला. कोन फार आवळला तर चाक अडतं, सैल राहिला तर डुगडुगतं. हे मला त्यानंच शिकवलेलं. बोटांनी चाक फिरवून, कान जवळ नेऊन, डोळे मिटून तो ऐकायचा. मीही तसंच केलं. चाक छान फिरत होतं. तरी मी ते पुन्हा खोललं.

चाक खोलल्याशिवाय पुढचं आठवायचा धीर होत नव्हता.

दिवस कलताना गावात कुजबुज पसरली. दुपारी पाण्याला निघालेल्या कुणीतरी कडुनिंबाला टेकलेली रिकामी सायकल पाहिली होती. झोपेतून उठलेलं गाव मैदानात आलं. तोंडाला अजून रसाचा वास. शेठजी आले, आप्पा आले. सुपडूभाऊ फिरतच होता. कोणी म्हणत होतं, उतरला. कोणी म्हणत होतं, काय बोलता, देवना मानूस शे तो.

शेठजी म्हणाले, "भांडू नका. मास्तर, तुमचा पोरगा दुपारभर इथंच होता. तो खोटं बोलणार नाही. त्याला विचारा."

आप्पांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. "सुपडूचा पाय टेकला का? भिऊ नकोस. खरं सांग."

सगळं मैदान माझ्याकडे वळलं. पाच दिवस मी त्या रिंगणाच्या कडेनं धावत होतो, आणि माझ्याकडे कोणी पाहिलं नव्हतं. मी इतकी वर्षं स्वतःला खूप कारणं सांगितली. आप्पांची भीती, कोवळं वय, खोट्याची चीड. त्यांतलं एकही खरं नाही. ती सगळी तोंडं माझ्याकडे वळली आणि मला ते आवडलं. एवढंच.

"टेकला," मी म्हणालो.

आणि थांबलो. पुढचं वाक्य जिभेवर होतं: मीच उतरवला. ते बाहेर आलं नाही, आणि कोणी विचारलंही नाही.

सुपडूभाऊ समोरून येत होता. त्यानं ऐकलं. माझ्याकडे पाहिलं. मला वाटलं आता माझ्याकडे बोट दाखवून ओरडेल, "हाऊच म्हने उतर!" त्याच्या तोंडून ते आलं असतं तर गावानं निम्मा दोष माझ्यावर टाकला असता, कदाचित शेठजी विरघळलेही असते. तो बोलला नाही. पायडल मारायचा थांबला. सायकल आपल्या वेगानं चार हात पुढे आली, आणि सगळ्यांसमोर, रेघेच्या आत, त्यानं एक पाय जमिनीवर टेकवला. मग दुसरा. सदऱ्याच्या नोटा त्यानं एकेक टाचणी काढून शेठजींच्या हातात दिल्या आणि सायकल हातानं ढकलत गर्दीतून निघून गेला. त्याची बायको पदर सावरत मागोमाग गेली. घंटी कुणाच्या तरी अंगाला घासून वाजली.

आप्पा मला घरी घेऊन जाताना रस्त्यात म्हणाले, "जीव दुखला असेल तुझा. पण शाबास."

जूनमध्ये शाळेत मला नारळ आणि पेन मिळालं. मुख्याध्यापक सगळ्या मुलांसमोर बोलले, माणसानं मित्रासाठीसुद्धा खोटं बोलू नये. मुलांनी टाळ्या वाजवल्या. चिंचेखालच्या दुकानाला गावानं नवं नाव दिलं. पोरं पंक्चर काढायला सायकल घेऊन जायची आणि म्हणायची, "पायटेक्या, हवा भर ना." पुढच्या पावसाळ्याआधी त्यानं पेटी उचलली आणि खेड्यात परत गेला. मी त्या रस्त्यानं जाणं सोडलं होतं, त्यामुळे तो कधी गेला ते मला उशिरा कळलं. गाळ्यात कापडाचं दुकान निघालं.

मी शिक्षक झालो, धुळ्याला आलो. आप्पा जाईल तिथं ही गोष्ट सांगत. माझ्या लग्नाच्या बोलणीत सांगितली, वर्गातल्या मुलांना सांगितली, मरायच्या आधी दवाखान्यातल्या नर्सला सांगितली. मी प्रत्येक वेळी खाली मान घालून बसायचो आणि लोकांना तो माझा विनय वाटायचा. खरं तर त्या दिवसात मी एकच चांगली गोष्ट केली होती, एका मरायला टेकलेल्या माणसाला सावलीत झोपवलं होतं. नेमकी तीच मी लपवली.

सायकलला काळ्या रंगाचे मी दोन हात दिले. चामड्याला एरंडेल चोळलं. तारा एकेक करून घासल्या, वाकलेल्या चाकाचा आठ काढून ते सरळ केलं. ज्या दिवशी ती उभी राहिली, त्या दिवशी शेजारचे बघायला आले. बायको त्यांना कौतुकानं म्हणाली, "ह्यांचं असंच. हात लावतील ते नीट करतील. मी तर ह्यांच्या खरेपणावरच होकार दिला होता."

ते ऐकलं आणि शेजारी गेल्यावर मी तिला सगळं सांगितलं. ओसरीतच, हाताला ग्रीस तसंच. पहिल्यांदा.

तिनं सायकलचं चाक बोटानं फिरवलं. मग म्हणाली, "म्हणजे टाळ्या वाजवणाऱ्यांत मीही होते."

"तुला फसवायचं नव्हतं."

"फसवायचं नसताना बावीस वर्षं?" ती आत गेली. आतून म्हणाली, "आणि मला सांगून काय होणार? त्या बाईला कोण सांगणार?"

दुसऱ्या रविवारी मी सायकल पुन्हा गार्डाच्या डब्यात चढवली. चाळीसगावला उतरून ती चालवत खेड्यात गेलो, सहा-सात मैल. पन्नाशीच्या माणसाला धाप लागते. वाटेत दोनदा उतरून उभा राहिलो.

घर सापडलं ते त्याच नावानं. पारावरच्या म्हाताऱ्याला मी सुपडूचं घर विचारलं, तो म्हणाला, "कोन सुपडू? पायटेक्या का? त्याले जाईसन वरीस व्हई गयं. सरळ जाय, नळना बाजूले."

ती ओट्यावर शेंगा फोडत बसली होती. केस पांढरे, पण बसण्याची ढब तीच, पदराचं टोक दातांत. सायकल पाहून तिचे हात थांबले.

"हाई तं मी इकी टाकी व्हती," ती म्हणाली. "इकेल वस्तू कोनी परत आनस का? कोन शेतस तुम्ही?"

"वहिनी, मी चाळीसगावच्या आप्पा गुरुजींचा मुलगा."

तिनं माझ्याकडे नीट पाहिलं. चेहऱ्यावर राग आला नाही, काहीच आलं नाही. "बसा," म्हणाली आणि शेंगांचं सूप बाजूला केलं.

मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. ती दुपार, ते ऊन, सुजलेले पाय, मी म्हणालो उतरा, त्यांनी दोनदा नाही म्हटलं, मीच काखेत हात घालून उतरवलं. संध्याकाळी मी फक्त अर्धं सांगितलं. माझा आवाज मोठा झाला असावा, कारण नळावरच्या बायका घागरी ठेवून ऐकू लागल्या. ऐकू दे म्हटलं. तिथल्याच काय, चाळीसगावच्या त्या मैदानात उभे होते त्यांतले जे कोणी उरले असतील त्यांनाही कळावं, म्हणून तर हे लिहितोय. सुपडूभाऊनं कपट केलं नव्हतं. त्यानं माझ्यावर विश्वास ठेवला होता.

माझं बोलून संपलं. मी शिव्यांची वाट पाहत होतो. त्या मिळाल्या असत्या तर बरं झालं असतं.

"त्यास्नी कधी सांगं नही," ती शेवटी म्हणाली. "मी इचारं, का उतरनात. म्हनेत, उतरनू. बस. मरालोंग इतलंच."

"हो," मी म्हणालो.

तिनं एक शेंग उचलली, फोडली नाही, बोटांत फिरवत राहिली. मग वर न बघता विचारलं, "झोप लागनी व्हती का त्यास्ले?"

मला आधी प्रश्न कळला नाही.

"झाडखाले. झोप लागनी व्हती का?"

"हो वहिनी. लगेच. घोरत होते."

"कितली येळ?"

"वीस मिनिटं. जास्त नाही."

तिनं मान हलवली, हळूहळू, दोनदा. पदराचं टोक दातांतून सुटलं.

"तितली तरी लागनी," ती म्हणाली.